एक ओळ राहिली

मी शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एकही खोटा निघाला तं माझे उरलेले चार दात आजच्या आज पडो. मागं मी म्हैस गच्चीवर चढल्याचं सांगतलं तेव्हा काही लोकायनं तोंडं वाकडी केली होती. त्या म्हशीचं सोडा. हे वर्षावासातल्या तिसऱ्या रविवारचं आहे, दिवसाढवळ्या, पाच माणसायच्या डोळ्यासमोर घडलेलं. पाचही जण जिवंत आहेत. जाऊन इचारा.

त्या रविवारी नागपुरात, इंदोऱ्याच्या घरात अंजनाबाईनं सकाळीच खिरीचं दूध आटवायले ठेवलं. वर्षावासाचे, मंजे पावसाळ्याचे, तीन महिने लोकं रोज सायंकाळी विहारात जाऊन धम्माचा ग्रंथ ऐकतात. अंजनाबाईच्या घरी रविवारी सकाळी अख्खं घर जमते अन् आनंदराव वाचतात. नवरा म्हणून आनंदराव कसे आहेत ते अंजनाबाईले इचारू नका, दिवस पुरणार नाही. पण वाचणारे म्हणून त्यायच्यासारखा माणूस नागपुरात दुसरा नसंन.

चौतीस वर्षं हा माणूस खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममधी. दर तासाले काटे पाहायचे अन् वहीत लिहायचे. काटा एक्केचाळीसवर असंन तं चाळीस लिहायची कोणाची हिंमत नव्हती. रिटायर झाले अन् तोच कायदा त्यायनं ग्रंथाले लावला. काही गाळायचं नाही. छापखान्याचं नाव वाचायचं, आवृत्ती कोणती ते वाचायचं, चूक छापली असंन तं आधी चूक वाचायची अन् मंग दुरुस्त करायची. एका वर्षी पानात वाळलेला कडुनिंब निघाला तं म्हणाले, "इथं कडुनिंबाची एक काडी," अन् पुढं वाचत गेले. दुसऱ्या एका वर्षी कोण्या गणपतरावच्या पोराची लग्नपत्रिका खूण म्हणून राहून गेली होती. ती त्यायनं 'आपले नम्र'पर्यंत वाचली, अन् सगळ्यायनं हात जोडून म्हटलं, साधू, साधू, साधू.

अंजनाबाई या घरी आली तेव्हा तिले आपलं नाव तेवढं लिहिता येत होतं. दर वर्षावासाले नवऱ्याच्या मागं बसून, त्याच्या बोटाखालून पाहत पाहत ती वाचायले शिकली. शेहेचाळीस वर्षं झाली. घरच्यायले अजून वाटते का बुढीले दुकानाच्या पाट्याच वाचता येतात. तिनं तो समज कधी मोडला नाही. लय कामाचा समज आहे तो.

तं झालं असं होतं. चैतात आनंदरावचे दोस्त मनोहरराव वारले. त्यानंतर आनंदराव तीनदा धंतोलीले जाऊन आले, चष्म्याचा नंबर काढायले. तीन फेऱ्या झाल्या, पण नाकावरचा चष्मा तोच, डाव्या काडीले दोरा बांधलेला. अंजनाबाईनं एकदा इचारलंही, का हो, नंबर बदलते अन् काच नाही बदलत, हे कसं काय. ते म्हणाले, डॉक्टर अजून बघून राहिले. मंग गुरुवारी चहा पिता पिता त्यायनं जाहीर करून टाकलं का मंगळवारी धंतोलीले जायचं नाही. आता कधीच जायचं नाही. डोळे ठीक आहेत.

त्याच दिवशी त्यायचा सदरा मशीनीत टाकताना खिशात चारघडीचा कागद सापडला. वरचा नावाचा भाग फाडलेला. कोणाची तरी औषधाची चिठ्ठी दिसत होती, पण औषध एकही नाही. नुसती पुस्तकं. निळ्या पेनानं, बाईच्या गोल अक्षरात. अंजनाबाई मशीनीजवळच पाटावर बसली अन् तिनं तो कागद तीनदा वाचला. मशीन धुऊन, पिळून, शिटी मारून बंद झाली तरी ती तिथंच.

डोळ्याचंच दुखणं होतं ते, पण मिटत नव्हते म्हणून. तिले नवऱ्याचं रात्री उठणं माहीत होतं. वय झालं, म्हणून तिनं सोडून देलं होतं. आता समोरून इचारावं तं बुढा म्हणंन, चष्मा. लोखंडाच्या दाराले धक्के मारून उपयोग नाही, हे तिले लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात समजलं होतं. तिनं विचार केला. कॅलेंडरवर पौर्णिमा खुणावायची पेन्सिल कानामागं खोवून ती दिवसभर घरात फिरली, अन् दिवे लागायच्या आधी तो कागद तिनं ग्रंथाच्या दोनशे चौदाव्या पानावर ठेवून देला. रविवारचं वाचन बराबर तिथून पुढं जाणार होतं.

वाचलं तं बोलणं सुरू होईन. गाळलं तं बुढ्याचा कायदा मोडंन. दोन्हीकडून तिचाच फायदा, असं तिले वाटत होतं.

रविवारी दहा वाजता नागसेन अन् मोनाली खापरखेड्याच्या कॉलनीतून आले. नागसेन मोठा पोरगा, बापाच्याच प्लांटात मेंटेनन्सले. तिथं मशीनीच्या आवाजात बोलायची सवय, तसाच घरातही बोलते. मोनाली त्याची बायको. ती सकाळी पाच वाजता घरच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या फोटोसकट चांगले विचार टाकते, अन् सहा वाजेपर्यंत कोणी अंगठा नाही देला तं नाराज होते. मागून खाप्याच्या बसनं माया आली. माया नागसेनची लहान बहीण, खाप्याच्या शाळेत मास्तरीण, घरच्यायलेही पाचवीच्या वर्गातले समजणारी. मायाची पांढरी साडी मोनालीनं चौदा एप्रिलच्या मिरवणुकीले नेसून गुलालानं निळी करून आणली, तेव्हापासून दोघी एकमेकीशी अंजनाबाईच्या मार्फत बोलत. मोनाली सासूले मामीजी म्हणते. मामीजी, ताईले सांगा पंखा वाढवायले. आई, वयनीले सांग पंखा पाचवरच आहे.

मेणबत्ती लागली, वंदना झाली. आनंदरावनं दोरा बांधलेला चष्मा नाकावर सरकवला अन् वाचन सुरू झालं. दोनशे तेरावं पान संपलं. पान उलटलं. हात थांबला.

अंजनाबाई मोनालीच्या खांद्यामागून पाहत होती. लाल खुणेच्या पुढं काटा गेलेला पाहावा तसे आनंदराव त्या कागदाकडं पाहत होते. कागद हळूच मांडीखाली सरकवता आला असता. कोणाचं लक्ष नव्हतं. नागसेन डुलक्या घेऊन राहिला होता अन् मोनालीचा जीव स्वयंपाकघरातल्या खिरीत होता. आनंदरावनं घसा साफ केला.

"इथं एक कागद," ते म्हणाले, अन् वाचायले लागले. "पुस्तके. एक, उशीखालचं घड्याळ. झोपेविषयी. रोज दहा पानं, चहाच्या वेळी. अंथरुणात नाही. दोन, छातीतली धडधड. भीतीविषयी. घाई करू नये. तीन, न रडलेलं रडणं. जवळचं माणूस गेल्यावर. पहिली दोन झाल्याशिवाय हे उघडू नये. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबावे. पुढील भेट मंगळवारी, अकरा वाजता."

त्यायनं कागदाची घडी केली. अन् सवयीनं सगळे म्हणाले, साधू, साधू, साधू. मोनाली सगळ्यात मोठ्यानं.

मंग स्वयंपाकघरात खिरीचं झाकण वाजायले लागलं.

पहिला संशय मायाले आला, का वयनीनं हे आपल्यासाठी ठेवलं. एकटी राहते, रात्री दिवा जाळते, म्हणून टोमणा. ती अंजनाबाईकडं पाहून म्हणाली का ज्याले कोणाले पुस्तकं सुचवायची आहेत त्यानं समोर सुचवावी, ग्रंथाचा पोस्टमन करू नये. मोनालीले वाटत होतं ननदेनंच आपल्यासाठी ठेवलं, सकाळी पाचच्या मेसेजवरून. तिनं मामीजीच्या मार्फत उत्तर पाठवलं का रागावरचं पुस्तक यादीत राहिलं वाटते, नाहीतर कोणासाठी आहे ते लगेच समजलं असतं. अंजनाबाई दोघींचे निरोप इकडून तिकडं पोचवत होती, पण तिची नजर आनंदरावच्या अंगठ्यावर होती. अंगठा ग्रंथाच्या कडेवरून वर जाये, खाली येये. वर, खाली.

नागसेनची झोप उडाली होती अन् त्याले मजा येऊन राहिली होती.

"पुस्तक वाचून झोप येते हे सांगायले डॉक्टर काहून लागते?" तो म्हणाला. "मले शाळेत रोज येत होती. फुकट."

कोणी हसलं नाही, म्हणून तो अजून चढला. धडधडीचं पुस्तक, रडायचं पुस्तक, उद्या ढेकर द्यायचं पुस्तक काढतील म्हणे. हे मनाचे डॉक्टर मंजे रिकाम्या लोकायनं रिकाम्या लोकायसाठी काढलेलं दुकान. आमच्या प्लांटात कोणाच्या खिशात असा कागद सापडला तं पोट्टे त्याले चिडवून चिडवून बदली मागायले लावतील.

इथं एक गोष्ट झाली जी एप्रिलपासून झाली नव्हती. माया अन् मोनालीनं सरळ एकमेकीकडं पाहिलं.

"वयनी, याची बीपीची गोळी सुरू आहे ना?" मायानं इचारलं. मार्फत नाही, थेट.

"सुरू आहे ना ताई," मोनाली म्हणाली. "रोज सकाळी मोगऱ्याच्या कुंडीत टाकतात. मोगऱ्याचं बीपी एकदम नॉर्मल आहे."

दोघी हसल्या. साडीचा विषय तिथंच संपला असता, पण ते हसणं नागसेनले झोंबलं. प्लांटातला माणूस, त्याले कोणी हसलं का तो आवाज वाढवते. तो बापाकडं वळला.

"बाबा, तुमीच सांगा. कोणाची असंन ही चिठ्ठी?"

हे अंजनाबाईच्या हिशोबात नव्हतं. तिनं वाचण्याचा विचार केला, गाळण्याचा केला, पण नागसेनच्या तोंडाचा नाही केला. आनंदरावचे ओठ हलले. आता हा माणूस म्हणणार, माहीत नाही. अन् चार जणायसमोर एकदा माहीत नाही म्हटलं, का मंगळवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, अन् तो कागद कोण्या नालीत जाईन. एकदा लिहिलेलं, एकदा म्हटलेलं खोडणारा माणूस नव्हता तो.

"माझी आहे," अंजनाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. मोनालीनं तं सवयीनं तिच्या कपाळाले हात लावून पाहिला.

अंजनाबाईनं पदर सावरला अन् गोष्ट लावली. ती गेली होती धंतोलीले, एकटी, ऑटोनं. ऑटोत शेजारी एक बकरी होती अन् बकरीचा मालक समोर ड्रायव्हरजवळ. तिथं दवाखान्यात इतकी गर्दी का चंद्रपूरची माणसं जिन्यावर बसून डबा खाऊन राहिली होती. डॉक्टरीणबाईनं तिले गादीच्या खुर्चीत बसवलं अन् इचारलं, काय होते?

"मी सांगतलं, चार महिन्यापासून झोप नाही बाई. दोन वाजले का डोळे उघडतात. उठते, गॅसचा कॉक पाहते, दार पाहते. तीनदा."

"चारदा," आनंदराव म्हणाले.

ते ग्रंथाकडंच पाहत होते. चूक दिसली अन् दुरुस्त केली, बस. माया अन् मोनालीच्या ध्यानात आलं नाही. अंजनाबाई थांबली नाही.

"हाव, चारदा. मंग गच्चीवर जाते अन् खापरखेड्याच्या प्लांटाच्या चिमण्या पाहते."

"इंदोऱ्यातून चिमण्या दिसत नाही," आनंदराव म्हणाले. "आभाळ साफ असंन तं त्या बाजूचा उजेड दिसते, तेवढाच. अन् गच्चीवर नाही. जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीवर. तिथून दिसते."

आता मायाची मान वळली. नागसेनचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता, म्हणजे त्यालेही काहीतरी ऐकू यायले लागलं होतं.

"मंग तिनं इचारलं, घरातलं कोणी गेलं का," अंजनाबाई म्हणाली. "मी म्हटलं, माझी मैत्रीण बायजाबाई गेली."

"मामीजी, बायजाबाई परवा तं कुरड्या घेऊन आल्या होत्या," मोनाली हळूच म्हणाली.

"गोष्टीत गेली वं. चूप बस. मी सांगतलं, तीस वर्षं आमी एका पाळीत काम केलं. ती माझ्या डब्यातलं खाये, मी तिच्या डब्यातलं. तिले आपल्या घरची वांग्याची भाजी लय आवडे. शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हाही मी रोज जात होती. आखरीच्या दिवशीही गेली. वांग्याची भाजी केली होती, डबा घेऊन गेली, तिनं पोटभर खाल्लं अन् मंगच..."

"डबा नव्हता नेला."

आनंदरावचा आवाज वाचताना असते तसाच होता, सरळ, एका पट्टीत.

"मनोहररावनं मागितली होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, आज उशीर झाला, उद्या आणतो. तुले सांगायचंही राहिलं. डबा नव्हता नेला."

त्यायनं चष्मा काढला. दोरा बांधलेली काडी ग्रंथावर टेकली. माया उठून बापाजवळ जायले निघाली, अंजनाबाईनं तिचा पदर धरून तिले खाली बसवलं. नागसेन जमिनीकडं पाहत होता. त्याचं लहानपण मनोहररावकाकाच्या सायकलच्या दांडीवर गेलं होतं. चैतात खांदा देणाऱ्यायत तोही होता. अन् गेल्या पाव तासात त्यानं जे जे म्हटलं होतं, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून येऊन राहिलं होतं. ढेकराच्या पुस्तकावर येऊन तो थांबला.

खीर खाली लागल्याचा वास आला. मोनाली उठली नाही. खिरीसाठी मोनाली उठली नाही, हे मी दोनदा सांगते, कारण जे तिले ओळखतात ते यावरच विश्वास ठेवणार नाहीत.

"तुमची एक ओळ राहिली," अंजनाबाई म्हणाली.

आनंदरावनं वर पाहिलं.

"कागदाच्या खाली अजून एक ओळ होती. तुमी गाळली."

शेहेचाळीस वर्षांत त्या घरात आनंदरावले असं कोणी म्हटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईनं सगळ्यात खाली, घडीच्या आत, अजून एक ओळ लिहिली होती. ती त्यायनं वाचली नव्हती. आनंदरावनं चष्मा परत घातला. कागद उघडला. खालच्या ओळीकडं पाहिलं, मंग चष्म्याच्या वरून अंजनाबाईकडं पाहिलं, बराच वेळ. ती खिडकीतून बाहेर पाहायले लागली, जसं काही तिथं लय महत्त्वाचं काही घडून राहिलं होतं. मंग त्यायनं घसा साफ केला.

"ही पुस्तकं एकट्यानं वाचू नये," ते वाचायले लागले. "मोठ्यानं वाचावी. घरच्यायनं बाजूले बसून ऐकावं."

कागद त्यायनं घडी न करता ग्रंथावर ठेवला.

"साधू," नागसेन म्हणाला. प्लांटातला आवाज नव्हता तो. मंग मोनाली, मंग माया. या वेळी सवयीनं नाही.

करपलेली खीर सगळ्यायनं खाल्ली. वरची वरची काढून घेतली अन् खालची नागसेनले देली. त्यानं उलट अजून मागितली. मायानं यादीतली पुस्तकं शाळेच्या लायब्ररीत मिळतात का ते पाहते म्हटलं, मोनालीनं आपण बर्डीच्या बाजारातून विकतच आणू म्हटलं, अन् दोघींचं त्यावरून चांगलं थेट भांडण झालं. अंजनाबाईचा जीव थंड झाला. मार्फतीचं काम संपलं.

निघताना नागसेन दारात चप्पल घालता घालता थांबला.

"बाबा, मंगळवारी अकरा ना? मी दुसरी पाळी मागून घेतो. गाडीवर जाऊ."

"तुले काहून त्रास? मी जातो ऑटोनं."

"बकरीसंग?" नागसेन म्हणाला. मंग चपलेचा अंगठा नीट करत, खाली पाहूनच म्हणाला, "माझाही चष्म्याचा नंबर पाहायचा आहे एकदा."

नागसेनले चष्मा नाही. आनंदरावले ते माहीत आहे, अंजनाबाईलेही, अन् मोनालीले तं सगळ्यात जास्त. तिनं मान वळवून डोळ्याले पदर लावला अन् म्हणाली, खिरीचा धूर गेला. आनंदराव एवढंच म्हणाले, साडेदहाले निघू, रस्त्यात सदरमधी गर्दी राहते.

तेव्हापासून रविवारी ग्रंथ झाला का घड्याळाच्या पुस्तकाची दहा पानं होतात. आनंदराव मुखपृष्ठापासून सुरू झाले. तिसरं पुस्तक अजून कपाटावर आहे. पहिली दोन झाल्याशिवाय उघडायचं नाही, असं लिहिलं आहे.

इतकं सगळं खरं आहे. म्हशीची गोष्ट सोडली तं मी कधी... बरं. माझे दात चारच उरले आहेत, तेवढे मले लागतात, म्हणून एक सांगून टाकते. ती शेवटची ओळ डॉक्टरीणबाईनं लिहिली असं जे मी म्हटलं, ते बनवलेलं. डॉक्टरीणबाईचा कागद मंगळवार, अकरा वाजता, इथंच संपत होता. तेवढं सगळं निळ्या पेनानं. खालची ओळ पेन्सिलीनं होती. ती अंजनाबाईनं गुरुवारी मशीनीजवळ बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिली, म्हणून अक्षर वरखाली गेलं आहे.

आनंदरावले ते त्या रविवारी, पहिल्याच नजरेत दिसलं असंन. वहीत दुसऱ्यानं मागून घातलेला आकडा ते कधी वाचत नव्हते, म्हणूनच त्यायनं ती ओळ आधी वाचली नव्हती. छापखान्याची चूक असो का बायकोच्या गोष्टीतल्या पायऱ्या, या माणसानं आयुष्यात कोणाची चूक तशी सोडली नाही.

ती एक मात्र त्यायनं अजून दुरुस्त केली नाही.